परतीच्या संध्याकाळचा खट्टा

तुम्ही दोघं धाकटे आता आईवडिलांपासून वेगळे राहता आणि सुट्टीवरून परत आलात की बॅगा दारातच टाकून पिझ्झा मागवता, असं तुमच्या ताईनं मला सांगितलं. तिनं ते चुगली म्हणून सांगितलं नाही. मग तुम्हीच फोनवर विचारलंत, "आजी, घर बंद होतं, फ्रिज रिकामा आहे, दमलोय. करायचं काय?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण आबा शेजारी बसून सारखे मध्येच बोलत होते. आता ते शेतावर पिंपळगावला गेले आहेत आणि घरात शांतता आहे, म्हणून लिहायला बसले.

प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी मी एक स्टीलचा डबा भरून ठेवते. त्यावर इंग्रजीत 'रिटर्न' लिहिलेली पट्टी चिकटवलेली आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्याच डब्यांवर इंग्रजी पट्ट्या आहेत. शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासूनची ही सवय. आबा अजून म्हणतात, "घरात दुसरं कुणी इंग्रजीत भाजी करीत न्हाई, मंग हे कुणासाठी?" त्या डब्यात तांदूळ, मुगाची डाळ, शेंगदाणे, तीळ, चिंच, गूळ, जवसाची चटणी आणि येसर असतं. पीठ ठेवत नाही, कारण ज्वारीचं पीठ दिवसांनी कडू होतं. ज्वारी मात्र निवडून बाजूला ठेवलेली असते. आलं की दळून आणायची.

येसर तुम्ही लहानपणी खाल्लं आहे, पण नाव विसरला असाल. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी बाजरी, धणे, खोबरं, लाल मिरच्या आणि गरम मसाला हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळून ठेवायचं. फोडणीत पाणी ओतायचं, पाण्यात कालवलेलं येसर सोडायचं, मीठ घालायचं आणि उकळी येऊ द्यायची. आमटी तयार. लग्नाच्या पंगतीत जी दाट, तिखट आमटी वाढतात ती हीच. बॅगेतले कपडे काढून होईपर्यंत ती होते.

इतकी वर्षं मी हा डबा भरत आले, पण त्यात एक गोष्ट नसते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. दूध, दही, तूप, यातलं त्यात काहीच नसतं. असणार कसं? आपण नसताना दूधवाला बंद असतो, विरजण मोडलेलं असतं आणि उरलेलं तूप मी जाताना शेजारी देऊन टाकते. त्यामुळे परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस आपल्या घरात शिजणारं रात्रीचं जेवण कायमच बिनदुधाचं होत आलं आहे. त्याला काही नाव असतं हे मला ताईकडून कळलं. तिनं 'व्हीगन' हा इंग्रजी शब्द आबांना समजावून सांगितला, झाडापाल्यापासून आलेलं तेवढंच खायचं. आबा म्हणाले, "म्हंजे आपली शेळी जेवती तसं." ताई तेव्हा हसली नव्हती.

का हसली नव्हती, ते तुम्हाला थोडं सांगायला हवं. तुम्ही मागच्या खेपेला इथे नव्हता, फुटबॉलच्या शिबिरात होता. ताईनं नुकतंच दूधदुभतं सोडलं होतं. मी तिच्यासाठी बिनदुधाचं सगळं केलं होतं आणि आबांनी वर छान साजूक तूप वाढलं होतं. आमच्या दृष्टीनं तूप म्हणजे तूप, ते दुधात मोजायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. घरातल्या वडील माणसानं प्रत्येकाच्या भातावर तूप वाढायचं, तोवर कुणी घास घ्यायचा नाही. ताईनं ताट दूर सरकवलं. आबा म्हणाले, "आमच्या घरात तुपाला न्हाई म्हणायची पद्धत न्हाई." ताई उठली आणि रात्रभर बिस्किटं खाऊन राहिली. दुसऱ्या दिवशी सगळे ठरल्यापेक्षा आधी निघून गेले. त्यानंतर आबा आणि ती फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलायची. तुमच्याकडे कॅनडात बर्फ आहे का, आमच्याकडे भोकरदनला पाऊस आहे का, झालं.

या वर्षी आम्ही तिकडच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो आणि परतताना ताई आमच्याबरोबर निघाली. पुण्याला तिचा वर्ग दोन आठवड्यांनी सुरू होणार होता. ते दोन आठवडे तिनं आमच्याकडे काढावेत असं मला वाटत होतं, पण तुमच्या आईनं निघायच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेतलं.

"आई, एक रात्र राहू दे तिला तुमच्याकडे. सकाळच्या एसटीचं तिकीट काढलंय, मावशी पुण्याला घ्यायला येईल. उगाच उपाशी राहील, आणि आबांचं नि तिचं परत काही नको."

मी बरं म्हटलं. सुनेचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण विमानात सगळे झोपले तेव्हा मी जागी होते आणि मनातल्या मनात तो डबा उघडून पाहत होते. माझ्या हातात एकच रात्रीचं जेवण होतं. ते नीट गेलं तर पोरगी राहील, नाही गेलं तर पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक.

संभाजीनगरहून टॅक्सी केली. हसनाबाद मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना मका आणि कपाशी दिसायला लागली. आबा खिडकीतून प्रत्येक शेताला नावं ठेवत होते, कुणाची सोयाबीन पिवळी पडली, कुणी तण काढलं नाही. ताई कानात गाणी लावून बसली होती. घरी पोहोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. कुलूप उघडलं, खिडक्या उघडल्या, धूळ झटकली. आबा पहिल्यांदा गॅसपाशी गेले आणि म्हणाले, "चहा?"

"दूध कुठे आहे?" मी म्हटलं.

"मंग चहा काय चिंचेत करायचा?" असं म्हणून ते पिशवी घेऊन बाहेर पडले. जाताना फळीवरची तुपाची पितळी वाटी घेतली, पदराला पुसावी तशी सदऱ्याला पुसली आणि पिशवीत टाकली. ते मी पाहिलं. दूध आणायला पिशवी पुरे होती. वाटी कशाला?

विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "मॅडम! चूल्हा नक्को जलाओ आज!"

या आपल्या शेजारच्या भाभी. त्यांचे मिस्टर शिलाईचं दुकान चालवतात आणि त्यांची सगळी मुलं माझ्या हाताखाली इंग्रजी शिकली, म्हणून मी त्यांची 'मॅडम'. आमच्या दोन घरांत फार जुना ठराव आहे. कुणीही प्रवासाहून आलं की त्या संध्याकाळचं जेवण दुसऱ्या घरातून यायचं. त्या हैदराबादला माहेरी जाऊन आल्या की मी पाठवते, आम्ही आलो की त्या. त्यांच्याकडून कायम खिचडी आणि खट्टा येतो. भांडं परत जाताना रिकामं जात नाही. मी बहुतेक येसर घालून देते.

आता अडचण अशी, की भाभींची खिचडी तुपाशिवाय होत नाही. आणि त्या भांड्याला नाही म्हणणं म्हणजे इतक्या वर्षांच्या शेजाराला नाही म्हणणं. मी दारात उभी राहून शब्द जुळवत होते, तेवढ्यात ताई म्हणाली, "आजी, मी विचारते," आणि भिंतीतल्या छोट्या फाटकातून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे.

"खाला, खिचडी में घी डाला है?"

"डाली ना! बगैर घी की खिचडी मैं किसी के घर भेजी क्या कब्बी?"

"मैं घी नहीं खाती. दूध, दही, कुछ भी नहीं."

भाभींनी हातातला डाव खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, डॉक्टर को दिखाए?"

"ती चांगली आहे हो भाभी," मी म्हटलं. "तिनं स्वतःहून सोडलंय."

"खुद से? हाय अल्ला! तो ताकत काँ से आती इसकू?" मग त्यांनी ताईचा दंड दाबून पाहिला. ती पोहते हे तुम्हाला माहीत आहेच. भाभींनी डाव पुन्हा उचलला.

ताईनं दुसऱ्या पातेल्याकडे बोट दाखवलं. "और इसमें?"

"खट्टे में काँ का दूध, बेटी? इमली में दूध डाले तो फट जाता!"

ताई हसली. घरात पाय ठेवल्यापासून पहिल्यांदाच. भाभींनी तिला पातेलं दाखवत खट्टा समजावून सांगितला, तो तुम्हीही समजून घ्या, कारण याहून सोपं काही नाही. तीळ आणि शेंगदाणे भाजून बारीक करायचे, चिंचेच्या कोळात कालवायचे, पातळसर ठेवायचं. त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. वरून जिरं-लसणाची फोडणी. उकळायचंसुद्धा नाही.

"ऐसा करो," भाभी मला म्हणाल्या. "खट्टा मेरा, खिचडी तुमची. तेवढी चूल पेटवा आज. ठराव आदा मोडला, आदा राहिला. और ये घीवाली खिचडी हमारे घर में खप जाती, बच्चे बैठेच हैं."

मी घरी येऊन डबा उघडला. तांदूळ आणि मुगाची डाळ धुतली, हळद-मीठ घातलं आणि कुकर लावला. ताईनं शेंगदाणे भाजले आणि अर्धे भाजता भाजता खाल्ले. उडदाचे पापड गॅसवर भाजले. जवसाच्या चटणीचं झाकण उघडून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "हे तर मी विकत घेते तिकडे, आरोग्याच्या दुकानात. एवढीशी पुडी असते." मी म्हटलं, "इथे हे गरिबाचं कोरड्यास आहे, भाकरीबरोबरचं तोंडीलावणं." सगळं मिळून फार तर दोन शिट्ट्यांचा वेळ लागला.

आबा आले. दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पितळी वाटी रुमालानं झाकून भिंतीतल्या देवळीत ठेवली. मी हळूच म्हटलं, "अहो, आज तुपाचं राहू द्या. तुम्हाला सांगितलंय ना मी."

"तुझं तू बघ," ते म्हणाले. "माझं मी बघतो."

यानंतर माझं कामात लक्ष राहिलं नाही. मी ताटं मांडली, पाण्याचे पेले भरले, पुन्हा पुसले. विमानाच्या प्रवासानं सगळ्यांना लवकर भूक लागली होती, म्हणून दिवेलागणीच्या आतच जेवायला बसलो. खिचडी वाढली, खट्टा वाढला. ताईनं हात मांडीवर ठेवले. तिला रीत आठवत होती. आबा उठले, देवळीतून वाटी घेतली, रुमाल काढला आणि चमचा भरून आधी तिच्याच ताटापाशी आले.

ताईनं ताटावर आडवा हात धरला. मान वर केली नाही. पुन्हा तेच ताट, तोच नकार. मला वाटलं, सकाळची गाडी पक्की झाली.

आबा चमचा धरून तसेच उभे. "वास तर घे आधी," ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं. मग वाकून वास घेतला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तेल?"

"करडीचं. घाण्यावर उभा राहून काढून आणलं, अजून कोमट हाय. लावून बघ हात."

"पण ही वाटी..."

"वाटी तीच ऱ्हाणार. वाढायची वाटी हाय ती." आबांनी घसा साफ केला. "पिंपळगावला आमची म्हैस आटली की आई खिचडीवर हेच वाढायची. कच्चं तेल. म्हैस काय, वर्षातले किती महिने दूध देती? तवा कुणी उपाशी न्हाई राह्यलं."

"मग मागच्या वेळेला तुम्ही म्हणालात, की तुपाला नाही म्हणत नाहीत."

"म्हणलो असंल. आत्ता वाढून राह्यलो ना? हात काढ."

ताईनं हात काढला. आबांनी तेल वाढलं, मग माझ्या पानावर, मग स्वतःच्या. तूप त्यांनी आणलंच नव्हतं. चाळीस मैलांत कुणी त्यांना तूप मिळत असताना त्याशिवाय जेवताना पाहिलं नसेल, आणि ते खिचडीचा डोंगर करून मधल्या खळग्यात तेल ओतून घेत होते. ताजं करडीचं तेल, गरम खिचडी आणि वर आंबट, तिखट खट्टा. ताईनं पहिला घास घेतला, थांबली, मग ताटाकडे बघत बोलली, "अजून."

"काय अजून? खट्टा?" मी विचारलं.

"तेल."

आबांनी चमचा असा भरला की थेंब माझ्या धुतलेल्या फरशीवर पडले. मी काही बोलले नाही. मला माहीत आहे तुम्हाला हे खरं वाटणार नाही, पण मी खरंच काही बोलले नाही.

जेवण झाल्यावर ताई माझ्याबरोबर भांडी घासायला आली. नळाखाली ताट धरून ती म्हणाली, "आजी, उद्या रात्री काय?"

मी जपून उत्तर दिलं. "उद्या रात्री तू पुण्याला असशील."

"ते माहितेय. असते तर काय केलं असतंस?"

"दळण आलं तर पिठलं आणि भाकरी. नाही तर येसराची आमटी नि भात."

"आणि परवा?"

"डाळकांदा. बाजारात कोवळी अंबाडी मिळाली तर तिची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून."

"यातल्या कशात काय काढून टाकावं लागेल माझ्यासाठी?"

मी एकेक पदार्थ मनात उलगडून पाहिला. "काही नाही गं," मी म्हटलं. "यात घातलेलंच नसतं."

बाहेरच्या खोलीतून आबांचा आवाज आला. त्यांचे कान सोयीप्रमाणे तीक्ष्ण होतात. "एसटीत तिच्या जागेवर एखादी म्हातारी बसून जाईल. बसू द्या. म्हातारीला बी खिडकी मिळावी कधी."

ताईनं ओल्या हातानंच फोन लावला. मी पातेलं घासत होते, पण घासण्याचा आवाज मुद्दाम कमी ठेवला. "नाही गं आई, उपाशी नाही... दोनदा घेतलं... आबांनी? आबांनी तेल वाढलं... तेल गं, तेल... हो, मीच ठरवलंय." मग फोन माझ्याकडे आला.

"आई, खरं सांगा," तुमची आई म्हणाली. "जेवली ती?"

"ताट घासायला माझ्यासाठी काही ठेवलं नाही तिनं," मी म्हटलं. "मावशीला मी कळवते," ती म्हणाली.

सकाळी भाभींचं पातेलं परत गेलं, तळाशी येसर घालून. पुण्याची गाडी सुटायच्या वेळेला ताई आबांबरोबर गिरणीच्या रांगेत उभी होती, ज्वारीचा डबा काखेत धरून. गाडी समोरून गेली तेव्हा आबांनी कंडक्टरला हात केला म्हणे, आणि ताईला सांगितलं, "बघ, खिडकीत म्हातारीच हाय." ती खरंच होती की नव्हती, याबद्दल दोघांचं अजून एकमत नाही. मला आनंद याचा, की मतभेद करण्याइतकं दोघं बोलायला लागले.

ती दोन्ही आठवडे राहिली. म्हणून तुम्हाला सांगते, निघण्याआधी एक डबा भरा. येसर मी पाठवते आहे, तुमचे बाबा पुढच्या वेळी आले की त्यांच्या बॅगेत घालीन, पट्टीसकट. डाळ-तांदूळ, तीळ, चिंच तिकडे मिळतं. पिठलं करताना बेसन आधी थंड पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या होतील आणि तुम्ही मला दोष द्याल. भाकरी जमत नसेल तर भातावर घ्या. आल्या आल्या आधी कुकर लावा, मग बॅगा उघडा. हा क्रम उलटा केलात की पिझ्झा येतो.

आता त्या दुसऱ्या संध्याकाळचं सांगून थांबते. पिठलं-भाकरी केली होती, सोबत लसणाची चटणी. मी ताटं मांडली आणि वाढायच्या वाटीकडे पाहिलं तर ती देवळीत नव्हती, ताईच्या हातात होती. ती आबांच्या ताटापाशी जाऊन उभी राहिली, चटणीवर घालायला तेलाचा चमचा भरून, अगदी त्यांच्यासारखी एक पाय पुढे टाकून. घरातलं वडील माणूस कोण, याची तिनं कुणाला विचारणा केली नाही.

आबांनी चटणीवर आडवा हात धरला.

"थांब," ते म्हणाले. "वास घेऊ दे आधी."